गप्प राहिल्याची नोंद

मी निघाले त्या दिवशी बाबांना रजा मिळाली नाही. दिंडोशीच्या कोर्टात ते स्टेनो होते आणि एका खटल्यात साक्ष चालू होती. म्हणून चारकोपहून विमानतळाकडे जाताना आईने आणि मी टॅक्सी कोर्टाच्या फाटकापाशी थांबवली. जेवणाच्या सुट्टीत बाबा खाली आले. पासपोर्ट दाखव म्हणाले, दाखवला. बॅगांची कुलपं ओढून बघितली.

"पोचलीस की कळव. उगाच लांबड लावू नकोस," म्हणाले. मग "जय भीम" म्हणून जिना चढून गेले. पाच मिनिटंही झाली नसतील. आई टॅक्सीत रडली. मी सिग्नलवरचे उतरत जाणारे आकडे वाचत होते.

माझ्यासारखे जे बाहेर गेलेत, ते सांगतात की निघताना काही वाटत नाही, नंतर वाटतं. माझं चौथं वर्ष चालू आहे.

नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात मी पीएचडी करते. विषय, विश्वासार्ह एआय. साधं करून सांगायचं तर, बोललेलं ऐकून लिहून काढणारी जी मॉडेल्स आहेत ती न बोललेलंही लिहितात. माणूस थांबला, नुसता पंख्याचा आवाज येत राहिला, की त्या रिकाम्या जागी ती एखादं सुबक वाक्य घालतात. हे कधी होतं आणि कसं ओळखायचं, हे माझं काम. मुलाखतीत प्रोफेसरबाईंनी विचारलं होतं, हाच विषय का? मी बाबांचं सांगितलं. साक्षीदार गप्प राहिला तर 'साक्षीदार गप्प राहिला' एवढंच लिहायचं, त्याच्या मनातलं आपण लिहायचं नाही, असं ते म्हणायचे. बाईंना ते आवडलं. मला जागा मिळाली.

इथे माझी एकटीची खोली चारकोपच्या आमच्या अख्ख्या घराएवढी आहे. पहिल्या वर्षी हे मी सगळ्यांना सांगायचे. आता सांगत नाही. सायकल शिकले, थंड सँडविच खायला शिकले, लोकांना भेटायला आधी अपॉइंटमेंट घ्यायला शिकले. हाउसमेटशी हवामानावर बोलते.

दुसऱ्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मी बारा दिवस जाऊन राहिले. आई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगच्या कामाला जायची, तिने ते सोडलं. मी रिपोर्ट फाइलला लावले, औषधांच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, शब्द निघत नाहीत. परतायच्या आदल्या दिवशी मी आईच्या फोनवर व्हिडिओ कॉलची कॅप्शन्स चालू करून दिली. बोललेलं खाली मराठीत लिहून येतं, बाबांचं एखादं अर्धं अक्षर तरी पकडलं जाईल, असं तिला सांगितलं. काय करतेय ते मला माहीत होतं. तिच्या हातात काहीतरी देऊन जायचं होतं.

आठवड्याभरात आईचा पहिला स्क्रीनशॉट आला. बाबांच्या वाकड्या तोंडाखाली लिहिलेलं होतं, 'आज बरं वाटतंय.' मग रोज येऊ लागले. 'तू जेवलीस का?' 'काळजी करू नकोस, मी आहे.' आई फोनवर सांगायची, "बघ ना सुजा, हळूहळू बोलायला लागलेत. मला ऐकू येत नाही, पण ह्याला येतं."

मी प्रत्येक स्क्रीनशॉटला हार्ट पाठवलं.

'काळजी करू नकोस, मी आहे' असलं वाक्य बाबा धडधाकट असतानाही कधी बोलले नव्हते. डॉक्टरांसाठी मी कॉल रेकॉर्ड करून ठेवायचे. दोन महिन्यांनी एका दुपारी लॅबमध्ये मी त्या वाक्याची जागा काढून ऐकली. अकरा सेकंद. पंखा, कुकरची शिट्टी, बाबांचा श्वास. त्याच दिवशी माझ्या टेबलावर मॉडेल्सनी मनाने घातलेल्या अशाच वाक्यांचा एक तक्ता होता, दुसऱ्या भाषांमधला. दोन्ही शेजारी ठेवले. मला काही झालं नाही. मी कॉफी आणली आणि आईला फोन लावला.

"आई, ते बाबा बोलत नाहीयेत."

"मग कोण बोलतंय?"

"कोणीच नाही. आवाज नसला की ते आपल्या मनाने लिहितं."

"तुला हे कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या फोटोपासून," मी म्हणाले.

तिने फोन ठेवला. चार दिवस उचलला नाही. पाचव्या दिवशी तिनेच केला. कॅप्शन्स बंद होती. त्याबद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नाही.

काही महिन्यांनी मी हे प्रोफेसरबाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की मराठीतला, बोलणं गेलेल्या माणसाचा असा डेटा फारसा कोणाकडे नाही. वडिलांची संमती घे, प्रबंधाचं एक प्रकरण होईल. एथिक्स कमिटीचा फॉर्म आला. मी तो सोप्या मराठीत लिहून काढला. आईने फोन बाबांसमोर धरला आणि मी वाचून दाखवलं. तुमचा आवाज अभ्यासात वापरू का, नाव कुठे येणार नाही, नको असेल तर नको म्हणा.

बाबा बघत राहिले. आईने मधे काही सुचवलं नाही. मीही नाही. मग त्यांचं तोंड हललं, मान ताठ झाली.

"न्हाई."

बाबा परभणीकडच्या एका खेड्यातून मुंबईत आले. कोर्टात लागल्यावर त्यांनी तिथली बोली टाकली, पार टाकली. 'न्हाई' मी आजीच्या तोंडून ऐकलं होतं, त्यांच्या कधीच नाही.

"ऐकलंस?" आई म्हणाली.

"ऐकलं."

त्या दुपारी मी सगळी रेकॉर्डिंग्ज पुसली. बाईंना मेल केला, संमती नाकारली आहे. प्रकरण दुसऱ्या डेटावर लिहितेय, तितकं चांगलं होणार नाही.

पीएचडी झाली की परत येणार का, असं तिकडचे विचारतात आणि इकडचेही. मला माहीत नाही. घर म्हटल्यावर पूर्वी मला चारकोपचा सेक्टर, बिल्डिंग, दार असं ओळीने दिसायचं. आता दिसतो एक फोन, आईने तांब्याला टेकवून ठेवलेला. तिकडे संध्याकाळ असते, माझी जेवणाची सुट्टी. वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तिघं बसतो. परवा बाबा काही बोलले नाहीत. आई मेथी निवडत होती. मी सँडविच संपवलं. मग आई म्हणाली, "चल, ठेवते," आणि बाबांनी डावा हात थोडासा वर केला.