उजव्या गुडघ्याचा रकाना

लॉनी बर्डसाँगने आयुष्यात एकही फॉर्म चुकीचा भरला नाही, असं त्याची बायको अर्लीन सांगायची. हे ती कौतुकाने सांगतेय की वैतागून, ते ज्याचं त्याने ठरवावं. जनगणनेचा कागद असो की चर्चच्या सहलीची यादी, लॉनी आधी चष्मा पुसणार, मग पेन्सिलीला टोक काढणार आणि एकूण एक रकाना भरणार. रिकामा रकाना दिसला की त्याला अन्न गोड लागत नसे.

हॅडली स्टेट कॉलेजच्या फुटबॉल संघाचं सामान सांभाळण्यात त्याची छत्तीस वर्षं गेली. अलाबामातल्या आमच्या या गावात रविवार देवाचा आणि शनिवार फुटबॉलचा, हेल्मेट घालून बॉल हातात धरून पळायचा तो. दोघांत मोठा कोण, हा विषय पाद्रीबाबासुद्धा काढत नाहीत. संघाचं नाव बगळे. या बगळ्यांची हेल्मेटं, खांद्याची कवचं, बुटांचे खिळे, घामाने कडक झालेल्या जर्सी, सगळं स्टेडियमच्या पोटातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत लॉनीच्या ताब्यात असायचं. कोणता पोरगा डाव्या मनगटाला पट्टी बांधतो, कोण हेल्मेटात आईचा फोटो चिकटवतो, कोण हरल्यानंतर आठवडाभर मोजे धुऊ देत नाही, हे कोचला माहीत नसे. लॉनीला माहीत असे. आणि तो ते पोटात ठेवी, निदान सगळ्यांचा समज तरी तसा होता.

त्या काळी दर जुलैत कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम यायचा. त्यात कॉलेजं खरी, स्टेडियमं खरी, बँडची गाणीसुद्धा खरी. फक्त खेळाडूंना नावं नसत. कॉलेजच्या पोरांनी खेळाचा एक डॉलरही घ्यायचा नाही असा नियम होता, त्यामुळे त्यांची नावं विकता येत नव्हती. मग गेमवाल्यांनी नाव सोडून बाकी सगळं विकलं. नंबर तोच, उंची तीच, अंगाचा रंग तोच, मनगटावरची पट्टीसुद्धा तीच. आंधळ्यानेही ओळखावं असा पोरगा, आणि पाठीवर नाव कोरं.

पट्टी कोणत्या मनगटाला, हे त्यांना कळायचं कसं? दर एप्रिलला प्रत्येक कॉलेजच्या सामानवाल्याकडे एक फॉर्म यायचा. ओळीला एक खेळाडू आणि पुढे रकाने: मनगट, कोपर, हेल्मेटची काच, मोजे, गुडघा. बरेच सामानवाले चहा पितापिता काहीतरी खरडून पाठवत. लॉनी तीन संध्याकाळी बसायचा. एकदा गेमवाल्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, “मिस्टर बर्डसाँग, सगळ्या दक्षिणेत तुमच्यासारखा फॉर्म येत नाही हो.” ते वाक्य लॉनीने अर्लीनला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी ती म्हणाली, “आता ते माझ्या थडग्यावर कोर.”

पंधरा वर्षांपूर्वी संघात सत्तावीस नंबरला टॅव्हारिस कोली होता. याच गावचा, घरी तीन वर्षांचं पोरगं. बॉल छातीशी धरून तो पळाला की समोरचे नुसते हवेत हात मारत राहायचे. त्या मार्चमध्ये सरावात त्याचा उजवा गुडघा मुरगळला. डॉक्टरला सांगितलं तर जागा जाणार, जागा गेली की शिष्यवृत्तीही. तो गुपचूप लॉनीकडे आला.

“मिस्टर लॉनी, कोचला कळता कामा नये.”

“लेका, मी काय रेडिओ आहे?” लॉनी म्हणाला.

त्याने कपाटातून दोन पोलादी पात्यांचा पट्टा काढला आणि सत्तावीस नंबरच्या विजारीला आतून असा शिवला की वरून काही दिसू नये. संघात ही गोष्ट दोघांतच राहिली. पुढे एप्रिलमध्ये फॉर्म आला. गुडघ्याच्या रकान्याशी लॉनीची पेन्सिल जरा थांबली. खोटं लिहायची सवय नव्हती, आणि गेम तो काय, पोरांचं खेळणं, असं म्हणून त्याने लिहिलं: उजवा.

ऑक्टोबरात गॅटलिन स्टेटशी सामना होता. तिसऱ्या सत्रात त्यांचे दोन पोरगे डोकी खाली घालून टॅव्हारिसवर धावले. बॉलकडे त्यांचं लक्षच नव्हतं. गुडघ्याचा आवाज मैदानाच्या कडेला उभ्या लॉनीपर्यंत आला.

सामना संपल्यावर तो पाहुण्यांच्या खोलीबाहेर ओले टॉवेल गोळा करत होता. आत बुटांच्या नाड्या सोडत एकजण दुसऱ्याला म्हणाला, “सांगितलं होतं ना, उजवा. गेममध्ये पट्टा दिसतोय आणि मैदानात लपवतोय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.”  लॉनी टॉवेल घेऊन आपल्या खोलीत गेला, दार लावलं आणि बराच वेळ धुलाईचं यंत्र सुरूच केलं नाही.

त्यानंतर टॅव्हारिस कधी पळाला नाही. आता तो गॅसच्या टाक्यांचा ट्रक चालवतो. जिना चढताना डावा पाय आधी टाकतो आणि उजवा मागून ओढून घेतो. लॉनीवर त्याची माया मात्र कायम. दर नोव्हेंबरला धुरावलेल्या मांसाचा भलामोठा तुकडा लॉनीच्या दारात येतो.

पुढे खेळाडूंनी गेमवाल्यांवर खटले भरले, की आमची शरीरं आम्हाला न विचारता विकली. टॅव्हारिसही त्यांच्यात सामील झाला. वकिलाला पुरावा हवा होता, म्हणून तो लॉनीकडे आला. “तुम्ही भरलेले फॉर्म असतील ना, मिस्टर लॉनी? माझ्या वर्षाचा द्या की.”

लॉनीने सगळ्या वर्षांचे फॉर्म काढले. त्या वर्षाचा मात्र, खटल्याची बातमी ऐकून, त्याने आदल्याच दिवशी फाडून टाकला होता. “उंदरांनी खाल्ला रे,” तो म्हणाला.

टॅव्हारिस खो खो हसला. तेव्हापासून हा त्याचा ठरलेला विनोद. लंगडत आला की विचारायचा, “काय म्हणतात तुमचे उंदीर? अजून कोणाचा गुडघा खाल्ला का?” प्रत्येक वेळी लॉनीही हसायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला जेवण जात नसे. खटल्यांपायी गेम बंद पडला तेव्हा अख्खं गाव हळहळलं. हॅडलीत एकट्या लॉनीला सुटल्यासारखं वाटलं. फॉर्म येणार नव्हता, म्हणजे झाकली मूठ झाकलेलीच राहणार होती.

पण या वर्षी गेम परत येतोय अशी बातमी आली. आता कायदा बदलला होता. प्रत्येक पोराची रीतसर परवानगी, पाठीवर नाव, चेहरासुद्धा त्याचाच, आणि वर थोडे पैसे. परवानगी फोनवरच द्यायची होती. चाळीस पानांचा मजकूर आणि शेवटी एक बटण. पोरांनी तो किती वाचला असेल हे सांगायला नकोच. सामानखोलीत उभ्याउभ्या सगळ्यांनी बटणं दाबली आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. कॉलेजच्या कार्यालयातल्या मिस रेनफ्रोने ती चाळीस पानं खरंच वाचली होती. ती लॉनीला म्हणाली, “चेहरा, चाल, सवयी, अंगावरचं सगळं. आणि हे परत घेता येत नाही, कुठेच तसं लिहिलेलं नाही.” मग तिने त्याच्यापुढे संगणकावरचा फॉर्म उघडला. तेच रकाने होते: मनगट, कोपर, काच, मोजे, गुडघा. लॉनीच्या मनात पाल चुकचुकली.

कारण सत्तावीस नंबर पुन्हा एका कोलीच्या अंगावर होता. टॅव्हारिसचा मुलगा मायका जानेवारीत संघात आला होता आणि त्याने बापाचाच नंबर मागून घेतला होता. आणि मार्चच्या सरावानंतर तो सामानखोलीच्या दारात येऊन उभा राहिला, उजव्या पायावर भार न टाकता.

“मिस्टर लॉनी, डॅडींना तुम्ही एकदा काहीतरी शिवून दिलं होतं ना?”

“डॉक्टरकडे जा.”

“जातो. मग पुढचं वर्ष बाकावर बसून काढतो.”

“बस की. बाकाने कोणाचा पाय मोडत नाही.”

“तुम्ही नाही दिलंत तर मी तसाच खेळेन,” मायका म्हणाला. बापाने केला नसता एवढा हट्ट त्याच्या आवाजात होता. लॉनी दोन दिवस टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने तोच पोलादी पात्यांचा पट्टा काढला आणि शिवला. 

फॉर्म भरायला तो शुक्रवारी बसला. सत्तावीस नंबरच्या ओळीवर आला. त्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि गुडघ्याच्या रकान्यात लिहिलं: काही नाही. आयुष्यातला हा पहिला खोटा रकाना. त्या दिवशी घरी गेल्यावर तो दोनदा वाढून घेऊन जेवला. अर्लीनने विचारलंच, “आज काय मिळालं?” तो म्हणाला, “मिळालं काही नाही. फेडलं.”

एक काम मात्र राहिलं होतं, टॅव्हारिसला खरं सांगण्याचं. ते सांगायलाच हवं हे लॉनीला कळत होतं. पण आता गरज काय, रकान्यात तर ‘काही नाही’ लिहिलंय, असं म्हणून त्याने तेही ढकललं.

जुलैतल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, टॅव्हारिसने लॉनी आणि अर्लीनला जेवायला बोलावलं. तळलेला मासा, मक्याचा पाव, गोड थंड चहा असा बेत होता. जेवणाच्या टेबलासमोर भिंतभर टीव्ही लावलेला. गेम आदल्याच दिवशी आला होता.

“या, या, उंदरांचे मालक,” टॅव्हारिस म्हणाला. “आज तुम्हाला कोली घराण्याचं नाव टीव्हीवर दाखवतो.”

मायकाने गेम सुरू केला. हॅडलीचं स्टेडियम उजळलं, बँड वाजला, बोगद्यातून बगळे धावत आले. सत्तावीस नंबरच्या पाठीवर ठळक अक्षरांत नाव होतं. अर्लीनने टाळ्या वाजवल्या. मायकाने चित्र फिरवून खेळाडू समोरून दाखवला. तोच चेहरा, तीच हनुवटी. आणि उजव्या गुडघ्यावर, विजारीच्या वरून, दोन पोलादी पात्यांचा काळा पट्टा.

लॉनीच्या हातातला काटा ताटलीवर आपटला.

“हे कोणी घातलं?”

“मी,” मायका म्हणाला. “प्रत्येक खेळाडूला त्यांनी विचारलं होतं, स्वतःला तपासून बघा, काय राहिलंय ते सांगा. तुमच्या फॉर्ममध्ये गुडघा राहून गेला होता, मिस्टर लॉनी. मी दुरुस्त केला.”

“तुझा पहिलाच चुकलेला फॉर्म,” अर्लीन म्हणाली. “आता मेले तरी चालेल मला.”

टॅव्हारिस हसत होता, पण त्याचे डोळे भरून आले होते. “मीच सांगितलं त्याला, पट्टा घाल म्हणून. कोचने विचारलं तर बापाची आठवण म्हणायचं. माझ्या वेळी पाठीवर नाव कुठे होतं? हजार पोरांसारखा मी एक. पण गुडघ्याचं घरी फक्त आईला सांगितलं होतं. तिने टीव्हीवर तो पट्टा बघितला आणि म्हणाली, हा माझा टॅव्हारिस. घराबाहेर आम्हा दोघांशिवाय ते कोणाला ठाऊक होतं, मिस्टर लॉनी? मला तेव्हाच कळलं, हे तुमचं काम. कधी बोललो नाही, आज बोलतो. तुमच्यामुळे मी त्या गेममध्ये मी होतो.”

लॉनीला ते आभार स्वीकारता येईनात आणि नाकारताही येईनात.  पंधरा वर्षं आपण गप्प बसलो म्हणून बापाला ही गोष्ट अभिमानाची वाटली, आणि अभिमानाची वाटली म्हणूनच त्याने ती आपल्या पोराच्या हातात दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण पोराचा हात धरून दाखवायला लावला तो आपण, हे लॉनीला त्या टेबलाशी बसल्याबसल्या कळलं. त्याला स्वतःची घृणा आली.

मायकाचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि तो हसला.

“गॅटलिनचा एक पोरगा आहे, शिबिरात भेटला होता. आताच गेम घेतलाय म्हणे. काय लिहिलंय ऐका. ‘काय सत्तावीस, गुडघा कसा आहे? एकतीस ऑगस्टला मैदानात भेटू.’”

“चांगला पोरगा दिसतोय,” टॅव्हारिस म्हणाला. “चौकशी करतो.”

मायका उत्तर लिहायला लागला. लॉनीने टेबलावरून हात पुढे करून त्याचा फोन पालथा घातला. पडद्यावरचा सत्तावीस नंबर जागच्या जागी पाय झाडत उभा होता, सामना सुरू होण्याची वाट बघत.

“लॉनी, अरे काय हे?” अर्लीन म्हणाली.

“टॅव्हारिस, तो टीव्ही बंद कर आणि माझ्या समोर बस,” लॉनी म्हणाला. “तुझ्या वर्षाचा फॉर्म उंदरांनी खाल्ला नव्हता.”

टॅव्हारिसला वाटलं, म्हातारा आज स्वतःच विनोद करतोय. तो हसला, उजवा पाय हाताने उचलून नीट ठेवला आणि खुर्ची पुढे ओढून ऐकायला बसला.