पडवीतलं ताट

लक्षीमावशी गेल्याचं मला सरावलीच्या नाक्यावर भाजीवालीकडून कळलं. ताप आला, दोन दिवसांत आटोपलं... हातातली मेथीची जुडी तशीच ठेवून मी घरी आले. त्याला आता दीड महिना झाला.

मावशी आमच्या शेजारी मुलगा-सुनेबरोबर राहायची. बोईसरच्या एका लॅबमध्ये मी रक्त तपासते, हे ती कौतुकानं सांगत फिरायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त द्यायला म्हणूनच ती माझ्याकडे आली. गुप्तरोगाची चाचणी पॉझिटिव्ह निघाली. रिपोर्ट डॉक्टरांकडे पाठवायचा आणि तोंड बंद ठेवायचं, एवढंच माझं काम. मी मात्र शेजारधर्माच्या नावाखाली तिच्या सुनेला, सुनीताला, गाठून म्हणाले, "जरा जपून राहा." त्या दिवसापासून मावशीचं ताट पडवीत गेलं. जेवणही तिथंच.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला कातडीच्या डॉक्टरांकडे धाडलं. सोबत मीच गेले. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि तिच्या चपला हातात घेतल्या. बाहेरची कड पार झिजलेली. मग तिचे जाड, भेगाळलेले तळवे पाहिले, वाकलेली नडगी चाचपली. "लहानपणी अंगावर फोड आले होते?"

"आल्ते ना. बापासंगती आमी पार चांद्याच्या जंगलात लाकूडतोडीला गेल्तो. तिथं समद्या पोरांना आल्ते. सुई टोचली, फोड गेले. पाय काय नीट झाला नाय."

हा यॉज, डॉक्टर म्हणाले. पोरांना एकमेकांच्या कातडीतून लागणारा आजार. बरा झाला तरी रक्तात खूण राहते, आणि लॅबच्या चाचणीला हा आणि गुप्तरोग यांतला फरक कळत नाही. खबरदारी म्हणून त्यांनी एक इंजेक्शन दिलं, तळव्यांना मलम दिलं. हिच्यापासून कुणाला काही होणार नाही, घरी सांगा, म्हणाले. वर्षानुवर्षं त्या चपला माझ्या दारात निघत होत्या. मी कधी विचारलं नव्हतं.

रिक्षात मावशी म्हणाली, "सुनीताला तू सांग, शुभा. माजं ती ऐकत नाय." मी हो म्हटलं. पण सांगायचं म्हणजे आधी आपली चूक कबूल करणं आलं... हा रविवार, पुढचा रविवार करत मी तीन रविवार घालवले, त्यांच्या दारावरून जाणंही टाळलं. मला लाज वाटत होती, आणि माझी लाज मी तिच्या जेवणापेक्षा मोठी मानली.

मावशीचं दिवसकार्य उरकल्यावर त्यांच्याकडे गेले. सुनीताला सगळं सांगितलं. तिनं पडवीतलं ताट आत आणलं, घासलं, पुसलं, मांडणीवर बाकीच्या ताटांत लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई रोज विचारायची, शुभा येऊन गेली काय."