मापाऱ्याची कट्टी
ओल्या कापसाचा वास आला की माझी उजवी मूठ आजही आपोआप आवळली जाते. यवतमाळच्या धावपट्टीलगतच्या हँगरमध्ये आम्ही शिकाऊ वैमानिक पोरांचं छोटं विमान वजनासाठी काट्यांवर चढवलं होतं. तीन चाकांखाली तीन काटे, आणि वाऱ्याने पंख उचलू नयेत म्हणून हँगरची दारं बंद. आत नुसती भट्टी. काटे दिग्रसच्या कापूस बाजारातून आणले होते, आणि आकडे वाचायला तिथलाच म्हातारा मापारी बोलावला होता. तो ओरडायचा, मी लिहायचो. बेरीज दोनदा जुन्या नोंदीपेक्षा कमी आली. याच कागदावर विसंबून पोरं इंधन भरून उडणार होती. तिसऱ्यांदा मी स्वतः वाकलो. काट्यावर दोनशे, आणि हा एकशे अठ्ठ्याण्णव सांगत होता. "काहून?" मी ओरडलो. "ओलाव्याची कट्टी, साहेब. दर मापाले दोन किलो कापाच लागते," तो सहज म्हणाला. लहानपणी बापाच्या कापसाच्या गाडीशेजारी उभं राहून मी हेच ऐकलं होतं, खडखडीत वाळलेल्या कापसालाही. मी त्याचं तोंड चाकावर आपटलं, दोनदा. वजनावर देखरेख करणाऱ्या इंजिनियर बाईंनी कॉलर धरून मला मागे ओढलं. म्हाताऱ्याने हात उचलला नाही. रक्त थुंकून तो पुन्हा उकिडवा बसला आणि वाचू लागला, "दोनशे, साहेब. काईच नाई कापलं." माझा बाप हे ऐकायला जन्मभर तरसला. ऐकलं मी, आणि आता आठवतं ते एवढंच, की मग मी फडकं घेऊन काट्यावर पडलेला त्याचा दात उचलला, रक्त पुसलं. नाहीतर तेही विमानाच्या वजनात धरलं गेलं असतं.