रविवारचा पेशंट

परवा इथे बेंगळुरूत, एचएसआर लेआउटला, मुलाच्या सोसायटीत, प्रथमोपचाराचा वर्ग होता. रस्त्यावर अपघात झाला तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं, ते दाखवणार होते. शिकायला गर्दी झाली, पण जमिनीवर पेशंट म्हणून झोपायला कुणी पुढे येईना... मी हात वर केला. मुलगा म्हणाला, "आई, तू?"

त्याला काय सांगणार... आमच्या घरात हे काम पूर्वीपासून चालत आलेलं आहे.

साठच्या दशकातली गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले होते. बसवनगुडीत आम्ही भाड्याने राहायचो. लढाईचे दिवस, त्यामुळे ठिकठिकाणी प्रथमोपचाराचे वर्ग निघाले होते. आई आणि शेजारच्या कमलक्का, दोघींनी उत्साहाने नाव नोंदवलं.

शिकलेलं घरी घोटायला माणूस लागायचा. रविवारी जेवणं झाली की अण्णांना व्हरांड्यात सतरंजीवर आडवं केलं जायचं... आणि अण्णांना स्वस्थ पडणं म्हणजे शिक्षा. बँडेज बांधून होण्याआधीच कॉफी मागायचे.

"अहो, लॉरीने उडवलेला माणूस कॉफी मागतो का?" आई चिडायची.

"बेंगळुरूचा असेल तर मागेल की!"

कमलक्का मात्र कडक. "रायरे, अल्लाडबेडी!" म्हणजे, साहेब, हलू नका. पडलेल्याला उठवून बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, मान-पाठ सरळ ठेवून फळीवरूनच न्यायचं... हे सगळं त्या मोठ्याने म्हणत, कन्नडमध्ये. अण्णांचं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'साकु' म्हणजे पुरे, याच्या पुढे कधी गेलं नव्हतं. पण ही वाक्यं दर रविवारी कानावर पडून त्यांना पाठ झाली.

मग एका सकाळी कामावर जाताना, वळणावर त्यांच्या सायकलला खरोखरच लॉरीचा धक्का लागला. अण्णा उडाले आणि फुटपाथच्या दगडावर पाठीवर आपटले.

पुढचं आम्हाला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने सांगितलं. माणसं धावून आली, सगळी भलीच. एकाने सोडा आणला, दोघांनी काखेत हात घातले, कुणी जटका, म्हणजे आपला टांगा, थांबवला. उचलून त्यात बसवणार, तेवढ्यात अण्णा डोळे न उघडताच बोलले... "एब्बिसबेडी. नीरु बेडा. हलगे तन्नी." उठवू नका. पाणी नको. फळी आणा.

तेव्हा दुकानांना शटर नसायची, उभ्या फळ्या लावून दुकान बंद करायचे. त्यातलीच एक दुकानदाराने ओढून काढली. चौघांनी अण्णांना सरळच्या सरळ तिच्यावर घेतलं आणि पायी इस्पितळात नेलं. वाटेत ते जराही हलले नाहीत.

मणका मोडला होता. जगतील का, जगले तर चालतील का... बरेच दिवस डॉक्टर काही सांगेनात. आई बाकावर बसून राहायची, शेजारी कमलक्का.

शेवटी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. जटक्यात वाकवून बसवलं असतं तर पाय गेलेच होते. "तिथे प्रथमोपचार शिकलेलं कोण होतं?"

"कुणीच नव्हतं हो," आई म्हणाली. "नुसता पेशंट होता."

पुढे कित्येक महिन्यांनी अण्णा काठी टेकत त्या दुकानापर्यंत गेले. दुकानदाराने कौतुकाने फळी दाखवली. अण्णांनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "स्वल्प गट्टी." जरा टणकच होती. आई त्या दिवशी भर रस्त्यात हसली... आणि हसता हसता रडली.

परवा सतरंजीवर पडले तेव्हा शिकवणाऱ्या मुलीने माझी मान दोन्ही हातांत हलकेच धरली. "आंटी, हलू नका हं." शेजारच्या खोलीतून कॉफीचा वास येत होता. मागावीशी फार वाटली, पण स्वस्थ पडून राहिले.

अण्णांना ते कधीच जमलं नाही... एकदा सोडून.