दोन षड्ज

प्रमिला आठल्येच्या घरी संध्याकाळी तानपुरा लागला की दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या त्या टॉवरचा अख्खा नववा मजला सुरात यायचा, असं शेजारी कौतुकानं म्हणत. पुण्यात गाणं शिकून, लग्नानंतर इकडे आलेली ही बाई. मराठी मंडळातल्या निम्म्या मुलांचे गळे तिच्या हाताखालून गेलेले. तिला एकाच गोष्टीची चीड होती, बेसूरपणाची. मूल जरा घसरलं की ती मांडीवर फाडकन थाप मारायची. मांडी स्वतःचीच, पण दचकायचं मूल.

सगळ्यात जास्त दचकली ती तिची स्वतःची मुलगी. आभा शाळेत असतानाच तानपुऱ्यासमोरून उठली आणि पियानोकडे वळली. आता कॉलेजात ती संगीतरचना शिकत होती, आणि तिला वेड लागलं होतं ते शंभर वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नातल्या एका संगीतकाराचं. त्याच्या संगीतात षड्जच नाही. बाराही स्वर सारखेच उपरे. कुठूनही उडी मारायची, कुठंही अडकायचं, किंचाळायचं, गप्प व्हायचं.

"भांडी पडल्यासारखं काय वाजवतेस गं?" प्रमिला दारातून विचारायची.

"आई, दॅट्स द पॉइंट. माणूस घाबरतो तेव्हा यमन गातो का?"

"पण सा नसेल तर परतायचं कुठं?"

"परतायचंच नाही. देअर इज नो होम."

"आम्हाला नाही बाई असलं कळत," म्हणून प्रमिला दार ओढून घ्यायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती उठली तर उजवा कान गच्च. एसीची सर्दी असेल म्हणून तिनं दुर्लक्ष केलं. आठवडा गेला, कान उघडेना, तेव्हा कुठं डॉक्टरकडे गेली. औषधांनी ऐकू यायला लागलं खरं, पण क्लासच्या आधी तानपुरा लावला आणि ती गोठलीच. डाव्या कानात ओळखीचा षड्ज, आणि उजव्या कानात तोच षड्ज, जरासा चढा. दोघांच्या मधे एक करकर. तिनं तानपुऱ्याचं यंत्र बदलून पाहिलं, मग लिफ्टची घंटा ऐकली, मशिदीतली बांग ऐकली. सगळंच दुहेरी.

"तुमचे दोन कान मेंदूला दोन वेगळे सूर सांगताहेत," डॉक्टर कशफ हिंदीत म्हणाल्या. "कधी कधी हे आपोआप जुळतं. इन्शाल्ला."

"आणि नाही जुळलं तर?"

डॉक्टरांनी नुसता तिचा हात दाबला.

घरी तिनं "कान जरा दुखतोय" एवढंच सांगितलं. उजव्या कानात कापूस घालून शिकवत राहिली. पण पाडव्याच्या कार्यक्रमाला माईक आला, मोठे स्पीकर आले, कापसाला कोण विचारतो? बंदिशीच्या मध्यावर पेटीवाल्या उपेंद्रनं मान वर केली आणि षड्जाची पट्टी जोरात दाबून धरली. असं तो फक्त नवख्या गायकांसाठी करायचा. पहिल्या रांगेतल्या शुभ्रानं, तिच्याच शिष्येनं, गोंधळून शेजारी बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं. प्रमिलानं कसंबसं गाणं संपवलं आणि जेवायला न थांबता टॅक्सी पकडली.

क्लास बंद झाला. आणि मग तिला एका जागी बसवेनासंच झालं. भाजी अर्धी चिरून उठायची. बाजारात म्हणून निघायची आणि बिल्डिंगला फेऱ्या मारत राहायची. कधी बर दुबईला जाऊन खाडीवरच्या अब्रात बसायची, कारण त्या बोटीच्या इंजिनाला सूर नव्हता, नुसती फटफट होती. पलीकडे पोचली की उतरायचीच नाही, तशीच परत. अब्रेवाला मुश्ताक शेवटी म्हणाला, "बाजी, आपको जाना किधर है?" तिनं परतीचं भाडं त्याच्या हातावर ठेवलं.

नवरा, चारुदत्त, फुजैराच्या तेल टर्मिनलवर. शुक्रवारी दुपारी यायचा, रविवारी जायचा. त्याच्यापुरतं ती हसून वेळ मारून न्यायची. बाकी रोज सकाळी खोलीचं दार लावून तानपुरा सुरू करायची, ऐकायची, सा लावून बघायची, बंद करायची, पुन्हा सुरू करायची. कधीतरी रडायचीही.

एका दुपारी ती बाहेरून आली तेव्हा आभाच्या खोलीत पियानो वाजत होता. एक खर्जातला स्वर, त्याला खेटून शेजारच्या पट्टीचा स्वर. दोन्ही एकदम वाजवलेले, घुमू दिलेले, मग तोडलेले. पुन्हा तेच. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच कुठलंही संगीत ऐकून तिचा जीव कसनुसा झाला नाही. त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. ती चप्पल न काढता ऐकत राहिली. आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. तिनं दार ढकललं.

"हे काय आहे?"

"कॉलेजचं सबमिशन. मेमध्ये सगळ्यांसमोर वाजवायचंय." आभानं हात मागे घेतले.

"हा माझा तानपुरा आहे."

आभानं स्वरलिपीच्या कागदावर हात ठेवला.

"माझं दुखणं चारचौघांत वाजवणार तू?"

"मग काय करू?" आभाचा आवाज फुटला. "तू काही सांगतच नाहीस. दार लावून घेतेस. भिंतीपलीकडून तानपुरा आणि त्याला लागून घसरलेला तुझा सा ऐकू आला, तेवढं लिहिलं. हा खालचा स्वर म्हणजे तू. हा तुला चिकटलेला. ही उडी म्हणजे तू पळून लिफ्टनं खाली जातेस ती. आणि ही शांतता, आई, हे आपलं रोजचं जेवण."

प्रमिला निघून गेली. दोघींचं बोलणं थांबलं. शुक्रवारी चारुदत्त आला, घरातला ताण पाहून त्यानं विचारलं, "काय झालंय तुम्हा दोघींना?" प्रमिला पानं घ्यायला उठली, आभा खोलीत गेली.

शनिवारी नाश्त्यानंतर प्रमिला आपणहून आभाच्या खोलीत गेली.

"चुकीचं लिहिलंयस तू."

"काय?"

"एवढं अंतर नाहीये. तुझ्या या दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी आहे ते."

"पियानोत मधे काही नसतं, आई."

"मग खालचा वाजव."

आभानं वाजवला. उजव्या कानात जो ऐकू आला तोच स्वर प्रमिलानं गळ्यातून काढला. जन्मभर जो टाळला, ज्याच्यासाठी मांडी बडवली, तो बेसूर तिनं जाणूनबुजून लावला आणि धरून ठेवला. खोलीत हवा थरथरल्यासारखी झाली. आभानं पट्टीवरचं बोट उचललं नाही.

"आई, हे तूच गा ना."

"वेडी आहेस का तू?" प्रमिला म्हणाली. पण गेली नाही.

तालमी म्हणजे भांडणंच होती. धड गायचं नाही, धड बोलायचं नाही, असा तो आवाज तिला जमायला महिना लागला. मे महिन्यात कॉलेजच्या छोट्या हॉलमध्ये ती पियानोशेजारी उभी राहिली. शब्द एवढेच: "सा... इथं नाही... सा..." पाचसात माणसं मध्येच उठून गेली. तिनं ते पाहिलं आणि खरोखरच घाबरली. तिची जागा हुकली. आभा पट्ट्यांवर हात धरून थांबली, आईकडे बघत राहिली. मग प्रमिलानं जो ‘सा’ काढला तो तालमीत कधीच निघाला नव्हता.

टाळ्या थोड्याच पडल्या. गाडीत बसल्यावर चारुदत्त तिच्याकडे वळला.

"मला संगीत काही कळलं नाही," तो म्हणाला. "पण तुझ्या कानात काय चाललंय ते आज कळलं. मला का नाही सांगितलंस गं?"

"मला सांगता येत नव्हतं, अहो."

कान काही बरा झाला नाही. क्लासमधली मुलं तिनं करामा भागातल्या दुसऱ्या बाईंकडे पाठवली, आणि शुभ्रा जाताना पाया पडली तेव्हा तिला फार जड गेलं. बसवत तिला अजूनही नाही, अर्ध्या पोळ्या लाटून ती मध्येच पियानोजवळ येते. आभानं नवी रचना घेतली आहे, त्यातही आईचा आवाज आहे. शेवटावरून दोघींचं वाजलंय. प्रमिलाचं म्हणणं, शेवटी आवाज कुठंतरी टेकला पाहिजे. आभाचं म्हणणं, तो मध्येच तुटला पाहिजे. काल दोघींनी दोन्ही शेवट गाऊन-वाजवून पाहिले, आणि दोघींनाही दोन्ही आवडले नाहीत.