ओहोळाच्या कडेची वाट

“बांधावर न चालता जो बांधाचा निवाडा करतो, तो दुसऱ्याच्या तोंडानं जेवतो,” बायजी एकदा म्हणाली होती.

रानशेत गावापलीकडच्या पाड्यात जमिनीवरून भांडण झालं की लोक तिला बोलवत. तिला कुणी नेमलं नव्हतं. चाळीस पावसाळे तिनं सगळ्यांच्या शेतात मजुरीनं भाताची आवणी, रोपांची लावणी, केली होती. कुठला बांध कुणी किती कोरलाय, हे तिच्या तळपायांना ठाऊक होतं. तिची रीत एकच. भांडणाऱ्या दोघांना वादातल्या जागेवरून अनवाणी चालवायचं, आपण मधे चालायचं आणि टोक येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. दोघा भावांना तिनं भर उन्हात तीनदा चालवलं होतं. “अक्कल आली, का चौथा फेरा मारायचा?” तिनं विचारलं. आली होती.

२०१५ साली तिच्याच दिरानं, भिकानं, मिरचीच्या प्लॉटला तारेचं कुंपण घातलं. तिच्या शेताकडे जाणारी सासऱ्याच्या वेळची वाट कुंपणाच्या आत गेली. तिनं त्याला चालायला बोलावलं.

“वहिनी, ते जुनं झालं. कोर्टात ये.”

ती गेली. दोन पावसाळे तारखा पडल्या. रोपं डोक्यावर घेऊन ती परक्यांच्या शेतांतून विनवण्या करत जायची. दुसऱ्या वर्षी अर्धं शेत पडीक राहिलं. मग प्रकरण मध्यस्थीला गेलं.

मध्यस्थ वकील होता. त्याच्या मागच्या भिंतीवर हस्तांदोलनाचं चित्र होतं. त्यातल्या एकाही नखात माती नव्हती.

“इथे कुणी हरत नाही, बाई. दोघंही जिंकतात. आणि तुमच्या संमतीशिवाय काही होणार नाही.” ही वाक्यं शिळ्या भातासारखी आंबलेली होती. त्यानं नकाशावर बोट फिरवलं. “ही घ्या नवीन वाट. ओहोळाच्या कडेनं. यांचं कुंपण शाबूत, तुम्हाला रस्ता. खूश?”

“साहेब, तुम्ही तिथं चालून आलात?”

“अहो, मग नकाशा कशाला असतो?” तो हसला. तिचा स्वतःचा वकीलही हसला. त्याला दुपारी दुसरं काम होतं.

“आवणीच्या दिवसांत तिथं पाणी किती असतं, ते ह्याला विचारा.”

भिका टेबलाकडे बघत म्हणाला, “असतं थोडं.”

“बघा, थोडंच. घरातली माणसं तुम्ही, एवढ्याशा पाण्यावरून कशाला ताणता?”

बायजी दिराकडे वळली. “तू सात वर्षांचा होतास. त्याच ओहोळातून केसाला धरून काढला तुला. तेव्हा किती होतं रे?”

भिकानं ओठ चाटले.

मध्यस्थानं घड्याळ पाहिलं. “जुनं उकरायचं नाही, हा इथला नियम आहे.” त्यानं टाइप केलेला कागद पुढे ठेवला आणि शाईचा पॅड उघडून तिच्याकडे सरकवला. बायजीला सही येते. कुणी विचारलं नव्हतं.

“मार आंगठा, वहिनी,” भिका पुटपुटला. “सुटू दोघं.”

तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. नवे बूट, चकचकीत, टाचेलासुद्धा चिखल नाही. मग तिनं पॅडचं झाकण लावलं, तो मध्यस्थाकडे परत सरकवला, दाराशी काढलेल्या चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच बाहेर पडली.