‘मोरया’ म्हटल्यावर सुटणारी गाडी

उपवासाच्या दिवशी चार बायका एकत्र बसल्या की खाण्याचा विषय काढायचा नाही, असं आमच्या जालन्यातल्या मस्तगडच्या गल्लीत आपोआपच ठरून गेलेलं आहे. भगरीचं नुसतं नाव निघालं तरी दुपार लांबते! मग वाती वळता वळता कुणाला तरी आमची लाल गाडी आठवते. एकीचा किस्सा संपेपर्यंत दुसरीच्या ओठांवर पुढचा तयार असतो. माझे सोमवार, चतुर्थ्या, एकादश्या धरल्या तर उपवासांना तोटा नाही. त्यामुळं किश्शांनाही नाही!

गाडी आमच्या ह्यांची. औरंगाबादेतल्या एका जहागीरदारांच्या घरून आलेली, जुनी, विलायती. लाल रंग, बुटकी, वर कापडी टप. स्पोर्ट्स कार म्हणतात तिला. घरात माणसं अकरा आणि गाडीत सिटा दोन! सगळे हसायचे. मी हसायची नाही. एकत्र कुटुंबात दिवसाउजेडी नवऱ्याच्या शेजारी बसून दोन शब्द बोलायची सोय असलेली तेवढीच एक जागा होती ती.

०

दुष्काळ सरून दोन पावसाळे बरे गेले होते. ह्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं की शर्यतीच्या गाड्यांचं फ्लायव्हील हलकं करतात.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनामागचं जड लोखंडी चाक. मला ते जात्यावरून कळलं. जात्याचा वरचा दगड जड असला की हात जरा थांबला तरी तो आपल्या भारानं फिरत राहतो. हलका असेल तर लवकर गती घेतो खरा, पण खुंटा सोडला की थांबलाच!

“अगं, इंजिन असं झटकन उठंल बघ,” हे म्हणाले.

नवीन जालन्यात स्टेशनजवळ रशीदभाईंचा लेथ होता. ह्यांनी चाक तिथं नेलं आणि कडेकडेनं लोखंड उतरवायला सांगितलं. रशीदभाईंनी चाक उलटंपालटं करून पाहिलं.

“विनूभाई, लोग टूटा हुआ जोडने को लाते. तुम अच्छा-भला छिलने को लाए!”

आमचं दुकान लोखंडी सामानाचं. हे सरळ मनाचे, त्यामुळं चाक लेथवर जायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा दुकानातल्याच काट्यावर तोललं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गल्ल्यावर बसून बघत होते.

“जन्मभर मी लोखंड तोलून विकलं,” ते म्हणाले, “आणि माझाच पोरगा लोखंड टाकून यायची मजुरी देऊन आला!”

त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की पेट्रोल महाग होत चाललंय, चांगलं गिऱ्हाईक आलं की गाडी देऊन टाकायची.

सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “तो कीस तरी आणायचा होता रे. कढया घासायला झाला असता.”

०

आता गाडी निघायची म्हणजे आधी भरपूर रेस द्यायची आणि क्लच अगदी हळूहळू सोडायचा. जरा चूक झाली की गाडी गचका देऊन बंद! त्यामुळं हे रोज दुकानाला निघाले की आधी सिंहगर्जना व्हायची.

समोरच्या गोदाकाकू तेव्हा तुळशीला पाणी घालत असायच्या. पहिले दोन-तीन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “सूनबाई, एक सांगू का? सकाळी निघताना नवऱ्याशी वाद घालू नये. बिचारा किती चिडून जाऊन राह्यला!”

०

रस्त्यात उभी असली की गाडी आतून खडखड वाजायची. डब्यात खिळे हलवावेत तशी. ह्यांनी क्लच दाबला की गप्प, सोडला की पुन्हा सुरू. मी घाबरून रशीदभाईंना विचारलं, तर ते म्हणाले, “भाभी, कुछ नहीं टूटा. चक्का हल्का हुआ ना, अब गिअर आपस में बात करते.”

एकदा रेल्वेचं फाटक लागलं होतं. मी डोळे मिटून जप करत बसले होते. शेजारी एक बैलगाडी. गाडीवान बराच वेळ कान देऊन ऐकत होता.

“भाऊ, काहीतरी सुटलं बरं का तुमचं!”

“न्हाई हो, तिचा आवाजच तसा हाय.”

गाडीवानाला काही पटेना. तो खाली उतरला, वाकून आमच्या गाडीखाली शोधायला लागला. बघता बघता फाटकावरची निम्मी माणसं वाकली! शेवटी त्यालाच मातीत लोखंडाचा एक तुकडा सापडला. फुंकर मारून, धोतराला पुसून त्यानं तो माझ्या हातावर ठेवला.

“घ्या माय. बघा, म्हणलं न्हवतं का? तुमच्याच गाडीतलं.”

एवढ्या प्रेमानं दिलेलं नाही कसं म्हणायचं? फाटक उघडलं, आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी तोच गाडीवान पत्ता विचारत दुकानात आला. बैल लंगडत होता. तो तुकडा म्हणजे त्याच्याच बैलाच्या खुराला ठोकलेली पत्री, नालच होती!

०

हळू चालणं या गाडीला ठाऊकच नाही. गोदाकाकूंच्या भाच्याच्या लग्नात ते सगळ्या गल्लीला कळलं. वरातीचा घोडा बँडला बिचकून मागं मागं सरायला लागला, तेव्हा नवरदेवाला आमच्या गाडीत बसवा असं वऱ्हाड्यांनी ठरवलं. मी उतरले, नवरदेव बसला, बाशिंग सावरून.

पुढं बँड आणि मागं गाडी. बँड एक पाऊल टाकणार, गाडीनं अर्धं टाकायचं! गाडी बंद पडली. चालू केली, पुन्हा पडली. वाजवणारे मागं वळून हसायला लागले. मग ह्यांनी जरा जास्तच रेस दिली आणि गाडीनं अशी उडी घेतली की बँड दोन्ही बाजूंना फाकला! मधून गाडी गेली ती थेट मांडवात.

तिथं नवरीचे वडील बनियनवर, खांद्यावर घागर घेऊन रांजण भरत होते. दारात एकटा नवरदेव! ना वऱ्हाड, ना वाजंत्री.

त्यांनी घागर खाली ठेवली. “जावईबापू, एवढीच घाई होती तर कालच यायचं होतं की!”

मामंजी वऱ्हाडाबरोबर धापा टाकत पोचले. येताच म्हणाले, “एखादं गिऱ्हाईक बघा रे लवकर.”

०

आता मला देवाशिवाय कोण? श्रावणात मी नवस बोलले की वर्षभर दर संकष्टीला राजूरच्या गणपतीला जाईन. त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं, “देवा, तुझं दर्शन तर हवंच. पण जाता-येता ह्यांच्या शेजारी बसायला मिळतं, तेही हवं. लबाडी वाटत असेल तर तूच सांग.” त्यानं काही सांगितलं नाही. मी होकार धरला!

मामंजी नवसाच्या आड येणाऱ्यांतले नव्हते. पण व्यापारी माणूस, अट घातलीच. “राजूरचा चढ मोठा हाय. तिथं गाडी लोकांनी ढकलली, तर त्याच आठवड्यात विकायची. बोला!”

“बोललो,” हे म्हणाले. ह्यांनाही माझ्यासारखंच काहीतरी हवं असणार, एरवी इतक्या पटकन बोलले नसते.

पहिलीच संकष्टी. देवळाखालच्या चढावर ही गर्दी! ऐन मध्यावर थांबावं लागलं. आता ब्रेक, क्लच आणि रेस, कामं तीन आणि ह्यांना पाय दोन. दोन सिटांच्या मध्ये हँडब्रेकचा दांडा होता, तो ह्यांनी माझ्या हातात दिला.

“मी म्हणलं की खाली कर. उशीर न्हाई आणि घाई बी न्हाई.”

पण रेस दिली की त्या गर्जनेत ह्यांचं म्हणणं ऐकू येईल तर शपथ! मी दांडा उशिरा सोडला, गाडी बंद. पुन्हा केलं, मी लवकर सोडला, गाडी बंद पडून मागं घसरली. मी दांडा ओढून धरला. चार-सहा जण बाह्या सारून पुढं आले.

“ढकलू का, भाऊ?”

“नको!” आम्ही दोघं एकदम ओरडलो. लोक दचकले. देवाच्या दारी मदतीवर ओरडणारं जोडपं त्यांनी पाहिलं नसावं.

माझा उपवास, तोंड कोरडं, डोळ्यांत पाणी. ह्यांनी पुन्हा रेस दिली, आणि मला दुसरं काही सुचेना म्हणून मी जीव खाऊन ओरडले, “मंगलमूर्तीऽऽ…”

चढावरची सगळी माणसं एका आवाजात म्हणाली, “मोरया!”

तो आवाज कुठल्या इंजिनाला दबतो? ‘मोरया’ला मी दांडा सोडला, ‘मोरया’लाच ह्यांनी क्लच सोडला, आणि आमची गाडी शेळीच्या करडासारखी टणटण चढ चढून गेली!

घरी आलो तर मामंजी दारातच.

“ढकलली?”

“न्हाई, मामंजी.”

“खरं सांगा. कुणीच हात लावला न्हाई?”

“गणपतीनं लावला असंल,” मी म्हणाले. “तो धरायचा का?”

मामंजी गाडीच्या मागं जाऊन हातांचे ठसे शोधायला लागले. सासूबाई मात्र भाकरी थापायची थांबून माझ्याकडं बघत राहिल्या.

०

तेव्हापासून ती आमची रीतच झाली. मी गाडीत असले की ‘मंगलमूर्ती’ला रेस आणि ‘मोरया’ला क्लच. बाजारातून निघतानासुद्धा! भाजीवाल्या उठून ‘मोरया’ म्हणायच्या. रशीदभाई तर हात वर करून दाद द्यायचे. “बिलकुल बराबर टाइमिंग, भाभी! इतना बराबर तो मेरा लेथ भी नहीं चलता!”

पण गिऱ्हाईक आलंच. अंबडकडचे एक ऊस बागायतदार, पाटील. जीप, ट्रॅक्टर, ट्रक, सगळं चालवणारे. मिशीला पीळ देत गाडीत बसले आणि ट्रॅक्टरवर सोडावा तसा क्लच सोडला. गाडी गचकन बंद! पुन्हा बंद. आमच्या दारापुढची गल्लीही चढाची, त्यात बघायला शेजारपाजार जमलेला. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर पाटील उतरले.

“शेठ, माल खराब हाय.”

गाडी विकायला निघालेले मामंजी ताडकन उठले. “खराब? माझ्या दुकानातनं आजवर एक खिळा परत आला न्हाई! विनू, बस गाडीत. सूनबाई, तुम्ही बी बसा. दाखवा पाटलांना!”

आम्ही दाखवलं. मी ‘मंगलमूर्ती’ म्हणाले आणि ‘मोरया’ गल्लीनं म्हटलं. त्यात मोठा आवाज मामंजींचा होता!

पाटील खूश झाले. “गाडी पसंत हाय. दसरा झाला की माझा ड्रायव्हर घेऊन येतो. बराबर चालवील तो.”

“या,” मामंजी म्हणाले. “मी कुठं न्हाई म्हणून राह्यलो?”

मी देवापुढं दिवा लावून एवढंच म्हणाले, “बाप्पा, अजून वर्ष पुरं झालेलं नाही.”

०

दसरा झाला. एका सकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. मामंजी जेवत होते, सासूबाई भाकरी भाजत होत्या.

“येत्या मंगळवारी मी राजूरला जाईन म्हणते,” सासूबाई म्हणाल्या.

“जा की. बसनं जा.”

“बसनं लई वेळा गेले. मोटारीतनं जायचंय.”

“मंग विनू नेईल.”

“विनूच्या शेजारची जागा सूनबाईची. तिचा नवस चालू हाय.”

“अगं, त्या गाडीत सिटा दोनच!”

“दोन हायेत की,” सासूबाईंनी भाकरी उलटली. “एक माझी, एक तुमची. निजामाच्या वक्ताला लॉरी चालवत होता ना तुम्ही?”

मामंजींचा घास हातातच राहिला. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी चुलीकडं पाहिलं.

मंगळवारी सकाळी सासूबाई ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसून, मांडीवर नारळ घेऊन गाडीत बसल्या. अख्खी गल्ली दारात. मामंजींनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि रेस दिली. गोदाकाकूंची तुळस हलली!

“मंगलमूर्तीऽऽ…” सासूबाई म्हणाल्या. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

“मोरया!” गल्ली म्हणाली.

गाडी बंद.

“पुन्हा म्हण,” मामंजी म्हणाले.

पुन्हा म्हटलं. पुन्हा बंद. मामंजींच्या कपाळावर घाम आला. “उतर खाली. पोरं ढकलतील.”

सासूबाई उतरल्या नाहीत. नेमके तेवढ्यात पाटील आपल्या ड्रायव्हरला घेऊन गल्लीच्या तोंडाशी आले. गर्दीतून वाट काढत ते गाडीपाशी पोचले आणि वाकून म्हणाले, “राम राम, शेठ! मंग, गाडी कधी देता?”

मामंजींनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, मांडीवरचा नारळ पायाशी नीट ठेवला आणि हँडब्रेकचा दांडा, मी धरायची तसा, दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“घाई कुणाला हाय?” त्या म्हणाल्या.